लंडनच्या ओटू अरेनात घोस्ट: फोन कुलपात ठेवून बघायचा प्रयोग

हेवी मेटल संगीताच्या कार्यक्रमाला ‘प्रयोग’ म्हणायची वेळ क्वचितच येते. घोस्ट या स्वीडिश बँडच्या बाबतीत मात्र दुसरा शब्द सुचत नाही. मुखवटे, वेशांतरं, नेपथ्य, गाण्यांच्या मधे प्रेक्षकांशी गप्पा आणि भैरवीसारखं ठरलेलं शेवटचं गाणं. सगळा घाट नाटकाचा, फक्त वाजतं ते मेटल. २०२५ च्या ‘स्केलेटूर’ दौऱ्यातला लंडनचा प्रयोग १९ एप्रिलला ओटू अरेनात झाला. पोपच्या वेशातला गायक, उलट्या क्रॉसची खूण, आणि तारीख ईस्टरच्या आदल्या शनिवारची. सभागृह साधारण वीस हजारांचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. या बँडचा हा सगळ्यात बांधेसूद प्रयोग आहे, आणि त्याचं निम्मं श्रेय फोनबंदीला जातं. पण हीच फोनबंदी परगावाहून आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त अडवते. अनोळखी शहरात तिकीट, पैसे, नकाशा, हॉटेलचा पत्ता, सोबत्याचा नंबर, सगळं त्या एकाच डबीत असतं, आणि ती डबी दारातच कुलूपबंद होते. त्यामुळे गाण्यांबद्दल नंतर, आधी कुलपाबद्दल.

व्यवस्था योंडर कंपनीची आहे. २०१४ पासून ती हेच काम करते. फोन आणि स्मार्टवॉच दोन्ही एका जाड, लवचिक कापडाच्या पाकिटात जातात. पाकिटाच्या तोंडाशी चुंबकाचं कुलूप असतं. कपड्यांच्या दुकानात चोरी होऊ नये म्हणून जो टॅग लावतात, तो काउंटरवरच्या यंत्राशिवाय निघत नाही, तसंच हे. पाकीट तुमच्याकडेच राहतं, कोणी काढून घेत नाही, टोकन नाही, परत घ्यायची खिडकी नाही. मधेच फोन लागलाच तर ठरवून दिलेल्या जागी जायचं, तिथे पाकीट उघडून देतात, काम झालं की पुन्हा बंद करून आत.

ऐकायला सोपं वाटतं. गडबड होते ती छोट्या गोष्टींत. एक म्हणजे तिकीट फोनमध्ये असतं. ते स्कॅन झाल्यावर ब्लॉक, रांग आणि सीट नंबर बघायला फोन उघडता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात अंधारात अंदाजाने सीट सापडत नाही. हे तिन्ही आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, किंवा सरळ हातावर पेनने लिहा. चार जणांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच आत जायचं. ‘तू हो पुढे, मी टीशर्ट घेऊन येतो’ असं केलं की मागे राहिलेला दाराबाहेर अडकतो, आणि तिकीट पुढे गेलेल्याच्या कुलूपबंद फोनमध्ये.

दुसरी गोष्ट कार्डाची, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ओटूमध्ये रोख पैसे चालत नाहीत. पाण्याच्या बाटलीपासून टीशर्टपर्यंत सगळं कार्डाने. फोनने किंवा घड्याळाने पैसे द्यायची सवय असेल तर ती दोन्ही कुलपात असतात, म्हणून खरं, प्लास्टिकचं कार्ड लागतंच. त्याहून वाईट, कित्येक जण कार्ड फोनच्या कव्हरमागे खोचून ठेवतात. मग फोनबरोबर कार्डही आत जातं. रांगेत उभे असतानाच ते काढून शर्टाच्या खिशात घाला. पुस्तकासारखं उघडणारं जाडजूड कव्हर पाकिटात नीट बसत नाही, ते हॉटेलवरच ठेवलेलं बरं.

तिसरी गोष्ट आवाजाची. फोन नुसता सायलेंट करून भागत नाही. अलार्म सायलेंटमध्येही वाजतो, आणि बंद पाकिटात वाजणारा अलार्म थांबवायचा काही उपाय तुमच्या हातात नसतो. सगळे अलार्म बंद करा, मग फोन बंद करा. घरून तातडीचा फोन येण्याची शक्यता असेल तर फोन चालू ठेवून फक्त व्हायब्रेटवर टाका आणि पाकीट अंगाला लागेल अशा खिशात ठेवा. थरथर जाणवली की उठून उघडायच्या जागी जाता येतं. रक्तातली साखर मोजणारा सेन्सर फोनशी जोडलेला असेल तर कुलूप लावून घेण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा. वैद्यकीय गरजेसाठी साध्या वेल्क्रोच्या पट्टीचं, हाताने उघडणारं पाकीट मिळतं. मात्र हे दारात, आत शिरतानाच सांगायचं.

चौथी गोष्ट भेटायच्या जागेची. दोघांच्या सीट वेगळ्या असतील, किंवा एक जण खाली स्टँडिंगमध्ये आणि दुसरा वर असेल, तर संपल्यावर कुठे भेटायचं हे आत जाण्याआधी ठरवा. ‘बाहेर भेटू’ म्हणणं पुरेसं नाही, बाहेर हजारो लोक असतात. ठरावीक खांब, ठरावीक दुकान, आणि अर्धा तास थांबून मग थेट हॉटेल, इतकं स्पष्ट बोला. हॉटेलचं नाव आणि पत्ता कागदावर असू द्या. साधं मनगटी घड्याळ असेल तर घालाच, नाहीतर किती वाजले हे कळायला मार्ग नाही.

या सगळ्या कटकटीच्या बदल्यात काय मिळतं?

अंधार मिळतो. खराखुरा, डोळ्यांत भरणारा अंधार. एरवी मोठ्या कार्यक्रमात दिवे गेले की हजारो पडदे उजळतात आणि सगळं सभागृह निळसर होऊन जातं. प्रकाशयोजनाकाराने ठरवलेला काळोख प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही. इथे पोचतो. त्यामुळे पहिला लाल झोत पडतो तेव्हा तो खरंच झोत वाटतो, त्यातल्या धुराचे पदर वेगवेगळे दिसतात. पुढच्या माणसाच्या डोक्यावर हात नसतात, असले तर रिकामे, टाळ्या वाजवणारे. गाण्याच्या मधे दिवे प्रेक्षकांवर फिरतात तेव्हा चेहरे दिसतात, निम्मे रंगवलेले, आणि सगळे मंचाकडे बघणारे.

लंडनच्या प्रयोगात आणखी एक जमून आलेली गोष्ट होती. ‘स्केलेता’ हा अल्बम २५ एप्रिलला आला, म्हणजे प्रयोगानंतर सहा दिवसांनी. तोवर फक्त ‘सॅटनाइझ्ड’ आणि ‘लाक्रिमा’ ही दोन गाणी बाहेर आली होती. प्रयोग मात्र ‘पीसफील्ड’ने सुरू होत होता, जे बहुतेकांनी त्याआधी ऐकलेलंच नव्हतं. इतक्या मोठ्या बँडने नांदीलाच अनोळखी गाणं घ्यायचं हा धीट निर्णय आहे. आणि दौऱ्याला जेमतेम चार दिवस झालेले असताना, मँचेस्टर आणि ग्लासगोच्या प्रयोगांतून फोनवरच्या चित्रफिती पसरलेल्या नसल्यामुळे, तो निर्णय साधला. नवा ‘पापा’, म्हणजे गायकाचं मंचावरचं नवं रूप, कसा दिसतो, कुठून येतो, हे आधी कोणी सांगून टाकलेलं नव्हतं.

बँडची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. घोस्ट २००६ पासूनचा, स्वीडनमधल्या लिन्शोपिंगचा. गायक आणि सूत्रधार टोबायस फोर्ज. मंचावर तो ‘पापा’ असतो, आणि अल्बमांच्या फेऱ्यांबरोबर जुना पापा जाऊन नवा गादीवर बसतो. या फेरीतला पापा पाचवा, नाव पर्पेचुआ. आधीच्या पापांचा कवटीसारखा रंगवलेला चेहरा जाऊन इथे धातूसारखा दिसणारा मुखवटा आलाय, ज्यातून तोंड आणि हनुवटी मोकळी राहते. हा बदल दिसायला छोटा, परिणामाने मोठा आहे. ओठ स्पष्ट दिसत असल्याने लांबूनही शब्द आणि मिश्कील हसू पोचतं. साथीचे वादक ‘नेमलेस घूल्स’, त्यांना नाव नाही, चेहरा नाही. म्हणून ते सगळा अभिनय मानेने आणि खांद्यांनी करतात. दोन गिटारवाले समोरासमोर येऊन एकमेकांना डिवचतात तेव्हा मुखवट्यामागचा माणूस हसतोय की चिडलाय हे खांद्यावरून कळतं. पडद्याकडे न बघता थेट मंचाकडे बघितलं तरच हे सापडतं.

प्रयोगाची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. आधी दुसरा बँड नाही, संध्याकाळ पूर्ण यांचीच, सुमारे दोन तासांची. ज्यांना ‘सुरुवातीचा बँड संपेपर्यंत पोचू’ अशी सवय आहे त्यांनी ती इथे मोडावी, कारण उशिरा आलात तर थेट मुख्य प्रयोगच बुडतो. वेशांतरासाठी लागणारा वेळ कसा काढलाय ते बघा. ‘डेव्हिल चर्च’ हे शब्दांविना वाजणारं छोटं वाद्यसंगीत आहे. त्या काळात गायक आत जातो, आणि ‘सिरीस’ला, म्हणजे ज्या गाण्याला २०१६ मध्ये ग्रॅमी मिळालं त्याला, बाहेर येतो. वादकांची जुगलबंदी ही इथे नुसती हौस नसते, मागे कोणीतरी घाईघाईने बंद सोडत आणि बांधत असतं.

‘इयर झीरो’ला ज्वाळा येतात. गाणं सैतानी नावांच्या जपाने सुरू होतं, आणि तो जप सबंध सभागृह म्हणतं. ज्वाळांचं एक गंमतीचं भौतिकशास्त्र आहे. पुढे उभे असाल तर उजेड, धग आणि आवाज एकदमच अंगावर येतात. सत्तर मीटर मागे बसलात तर आवाजाला पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, म्हणून ज्वाळा आधी दिसते, धप्पकन आवाज नंतर, आणि धग अगदी पुसट. ‘ममी डस्ट’ला कागदी कपटे आणि पापाच्या नोटा उडतात. त्या जमिनीवरच्या प्रेक्षकांत पडतात, वरच्या मजल्यावर नोट मिळण्याची आशा धरू नका. शेवटी ‘मेरी ऑन अ क्रॉस’, ‘डान्स मकाब्र’ आणि ‘स्क्वेअर हॅमर’. यातलं पहिलं २०१९ चं, पण २०२२ मध्ये टिकटॉकमुळे घरोघरी गेलं, त्यामुळे तिथे सगळ्यात तरुण आवाज ऐकू येतात.

दोन गोष्टी खटकल्या. कॉयरचे, म्हणजे समूहगायनाचे, मोठे थर ध्वनिमुद्रित आहेत. मंचावर गाणाऱ्या घूल मंडळींचे आवाज त्यात मिसळतात आणि कधी कोण गातंय हे कळेनासं होतं. घोस्टचं संगीतच थरांचं असल्याने ते समजून घेता येतं, तरी ‘ही इज’सारख्या शांत गाण्यात हे थर कमी केले असते तर आवाजातला माणूस अधिक पोचला असता. दुसरं म्हणजे मधली संथ गाणी. ‘द फ्यूचर इज अ फॉरेन लँड’ आणि ‘डार्कनेस ॲट द हार्ट ऑफ माय लव्ह’ दोन्ही सुंदर आहेत, पण इतकी जवळजवळ ठेवल्याने प्रयोगाचा मधला भाग ढिला पडतो. त्यानंतर ‘सॅटनाइझ्ड’ येतं आणि ताण परत येतो.

जागा कुठली घ्यावी? एरवीच्या मेटल कार्यक्रमात पुढे जितकं जवळ तितकं चांगलं. इथे तसं नाही. मंचावर पायऱ्या, चौथरे, मागचं चित्रांचं नेपथ्य आणि वर टांगलेला दिव्यांचा सांगाडा आहे. अगदी कठड्याला लागून उभं राहिलं तर पापा तोंडावर दिसतो, पण वरचं नेपथ्य बघायला मान मागे टाकावी लागते आणि पायऱ्यांवरचे ड्रम झाकले जातात. जमिनीवरचा भाग सपाट आहे, उतार नाही. उंची पाच फूट तीन इंचांच्या आत असेल तर मधोमध उभं राहून फक्त पाठी दिसतील. अशांनी एक तर लवकर जाऊन कठडा धरावा, नाहीतर सरळ सीट घ्यावी.

आमची पसंती: खालच्या मजल्यावरच्या, मंचाकडे तोंड असलेल्या सीट, किंवा स्टँडिंगमध्ये ध्वनिनियंत्रणाच्या चौकोनाच्या आसपासची जागा. आवाज जुळवणारा माणूस तिथेच उभा राहून जुळवतो, म्हणून तिथे गिटार, ड्रम आणि आवाज यांचं प्रमाण त्याच्या मनातलं असतं. शिवाय त्या चौकोनाच्या कठड्याला पाठ टेकता येते, दोन तास उभं राहणाऱ्याला हे फार मोलाचं. मंचाच्या अगदी बाजूच्या सीट स्वस्त दिसल्या तरी टाळा. तिथून वादकांची एक बाजू आणि नेपथ्याची कड दिसते, आणि या बँडचं नेपथ्य न दिसणं म्हणजे निम्मं तिकीट वाया. चौथ्या पातळीवरच्या, म्हणजे ४०० क्रमांकांच्या ब्लॉकमधल्या सीट खूप उभ्या चढणीवर आहेत. दृश्य पूर्ण दिसतं, कोणाचं डोकं आड येत नाही, पण ज्यांना उंचीवर गरगरतं त्यांनी तिथे जाऊ नये. अंधारात, धुरात आणि पायाखाली थरथर असताना त्या पायऱ्या उतरणं कठीण जातं. खालच्या सुरांचा घुमारही वर जास्त जाणवतो.

कानांबद्दल थोडंच, पण मनापासून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेली मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे, आणि तेवढ्या आवाजातही दोन तास उघड्या कानांनी बसणं घातक आहे. संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, ते सगळे सूर सारखे कमी करतात, शब्द गढूळ होत नाहीत. फोमचे असतील तर बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सारून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसते कानाच्या तोंडाशी खोचलेले फोम फारसं काही थांबवत नाहीत.

चेहरा रंगवून जायचा विचार असेल तर क्रीमच्या रंगावर भरपूर पावडर थोपटा आणि उरलेली ब्रशने झाडा. पावडरीशिवायचा रंग तिसऱ्या गाण्याला डोळ्यांत उतरतो. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा तपासणीत काढावा लागतो, म्हणून पटकन निघेल असाच घाला. सामान कमीत कमी ठेवा, पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवरच असू द्या. टीशर्ट घ्यायचे तर प्रयोगाआधी. संपल्यावर त्या रांगेत उभं राहिलात तर पाकीट उघडायची रांग आणि स्टेशनची रांग अशा आणखी दोन वाट बघत असतात.

बाहेर पडताना पाकीट उघडायचे तळ दारांजवळ असतात. कुलूप त्यावर टेकवून दाबलं की सुटतं, पाकीट परत द्यायचं. सगळे पहिल्याच तळाशी थांबतात. दहा पावलं पुढचा बहुतेक मोकळा असतो.

मग नॉर्थ ग्रिनिच स्टेशन, लंडनच्या मेट्रोची जुबिली लाइन. सभागृहातून चालत पाच मिनिटं, पण वीस हजार माणसं एकदम निघाल्यावर स्टेशनच्या तोंडाशी गर्दी आवरण्यासाठी लोकांना टप्प्याटप्प्याने सोडतात. शुक्रवारी आणि शनिवारी या लाइनवर रात्रभर गाड्या असतात, साधारण दर दहा मिनिटांनी, त्यामुळे त्या दिवशी धावाधाव करायचं कारण नाही. आठवड्यातल्या इतर दिवशी शेवटच्या गाडीची वेळ फोन कुलपात जाण्याआधी बघून ठेवा. सुट्टीच्या आठवड्याच्या शेवटी लंडनमध्ये रेल्वेची दुरुस्तीची कामं काढतात, ईस्टरला तर हमखास, म्हणून एखादा दुसरा मार्गही लिहून ठेवा. स्टेशनला लागूनच बसस्थानक आहे. कॅनरी वॉर्फ एकाच स्टेशनावर, लंडन ब्रिज दहा मिनिटांच्या आत.

आणि स्टेशनच्या गेटवर भाड्यासाठी टॅप करताना एक जपा. येताना फोनने टॅप केलं असेल आणि जाताना कार्डाने केलंत, तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. खातं एकच असलं तरी दिवसभरात जास्तीत जास्त किती पैसे कापायचे ही मर्यादा दोघांची वेगवेगळी धरली जाते, आणि दिवसभर फिरलेलं असेल तर जादा पैसे जातात. आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर येताना टेकवायचं, हे तर त्याहून महत्त्वाचं, नाहीतर दोन्हींवर कमाल भाडं लागतं. त्या दिवशी सकाळपासूनच प्लास्टिकचं कार्ड वापरायला सुरुवात करा, तेच सभागृहात पाण्याला आणि तेच परतीच्या गेटवर चालेल.